बटाट्यातल्या विकराचा वेग मोजताना: काप, संहती, तापमान आणि सामू

विकराच्या (एन्झाइमच्या) अभिक्रियेचा वेग कशाकशावर अवलंबून असतो, हे पुस्तकात चार ओळींत उरकलेलं असतं: तापमान, सामू म्हणजेच पीएच, सब्स्ट्रेटची (विकर ज्यावर काम करतं त्या पदार्थाची) संहती, विकराचं प्रमाण आणि रोधक म्हणजे विकराला अडवणारे पदार्थ. पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. गाडी अडते ती प्रयोगाच्या टेबलावर. बटाट्याचा काप हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये टाकला, फेस आला, पट्टीने फेसाची उंची मोजली आणि वहीत 'वेग' म्हणून लिहिली, असं बऱ्याच प्रयोगवह्यांत दिसतं. फेसाची उंची म्हणजे वेग नाही. अभिक्रिया सुरू झाल्यावर पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात ऑक्सिजन किती झपाट्याने सुटतो, तो वेग. हा फरक मनात पक्का बसला की पुढचा सगळा प्रयोग आपोआप शिस्तीत येतो, म्हणून या लेखात मी त्याच्याकडे पुन्हा पुन्हा येणार आहे.

दुसरी गोष्ट. आपण शुद्ध विकर नळीत घेऊन काम करत नाही, वनस्पतीच्या ऊतीचा तुकडा घेतो. तिथे विकर पेशींच्या आत असतं आणि पेरॉक्साइडला पेशीभित्तिका ओलांडून आत जावं लागतं. त्यामुळे पुस्तकातल्या घटकांत आणखी एकाची भर पडते: तुकडा केवढा आणि कसा कापला आहे.

बटाटाच का?

बटाट्यात कॅटालेज नावाचं विकर असतं. ते हायड्रोजन पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं: पेरॉक्साइडच्या दोन रेणूंपासून पाण्याचे दोन आणि ऑक्सिजनचा एक. वनस्पतीला याची गरज असते, कारण पेशीच्या रोजच्या व्यवहारात पेरॉक्साइड तयार होतच राहतं आणि साचलं तर पेशीला मारक ठरतं. पानांत प्रकाशश्वसनाच्या वेळी तयार होतं, तेलबियांना मोड येताना साठवलेली चरबी मोडली जाते तेव्हाही होतं. पेरॉक्सिझोम नावाच्या बारीक पिशव्यांत कॅटालेज ते जागच्या जागी संपवतं. कॅटालेजच्या प्रत्येक रेणूत लोह असलेले चार हीम गट असतात आणि एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू मोडू शकतो.

आपल्या दृष्टीने सोय अशी की यातून वायू सुटतो, आणि वायू मोजायला महागडं यंत्र लागत नाही.

सामान

ताजे, कडक, मोड न आलेले आणि हिरवे न पडलेले बटाटे घ्या. एका मालिकेतले सगळे काप एकाच बटाट्याचे असू द्या. एका बटाट्यातून दुसऱ्यात कॅटालेजचं प्रमाण बदलतं. शीतगृहातला जुना बटाटा आणि नुकता काढलेला बटाटा यांच्यात तर बदलतंच. मोठा बटाटा निवडला की प्रश्न मिटतो.

हायड्रोजन पेरॉक्साइड औषधाच्या दुकानात मिळतं. आपल्याकडे त्या बाटलीवर बहुधा '६ टक्के' आणि '२० व्हॉल्यूम' असं लिहिलेलं असतं. २० व्हॉल्यूम म्हणजे १ मिली द्रावणातून प्रमाण तापमान-दाबाला २० मिली ऑक्सिजन सुटतो. हा आकडा फार उपयोगी आहे, पुढे त्याचं काम पडेल. ३० टक्क्यांचं पेरॉक्साइड या प्रयोगात आणूच नका, त्याने कातडी भाजते. ६ टक्क्यांसाठीही चष्मा आणि हातमोजे घाला, आणि पेरॉक्साइड व बटाटा एकत्र असलेलं भांडं कधीही घट्ट बंद करून ठेवू नका.

बाकी सामान असं: १०० मिलीचं शंकूपात्र, दोन भोकांचं रबरी बूच, १० मिलीची सिरिंज, सलाईनची पारदर्शक नळी, पाण्याचा टब, स्टॉपवॉच, थर्मामीटर आणि १ सेंमी व्यासाचा कॉर्क बोअरर. बोअरर नसेल तर तेवढ्याच व्यासाची धारदार स्टीलची नळी चालते. वायू गोळा करायला ५० मिलीचं ब्युरेट (तोटी असलेली, खुणांची लांब काचनळी) सगळ्यात चांगलं, कारण त्यावर ०.१ मिलीच्या खुणा असतात. तेही नसेल तर २५ मिलीचं मोजपात्र घ्या. १०० मिलीच्या मोजपात्रात हा प्रयोग करू नका. मिनिटाला पाच-सहा मिली वायू सुटणार असेल तर इतक्या ढोबळ खुणांवर दोन कापांतला फरक दिसतच नाही.

जुळणी

ब्युरेटची तोटी बंद करा, ते काठोकाठ पाण्याने भरा, तोंडावर बोट धरून टबातल्या पाण्यात पालथं करा आणि स्टँडला अडकवा. बुचाच्या एका भोकातून सलाईनची नळी निघते आणि टबातून ब्युरेटच्या तोंडात जाते. दुसऱ्या भोकात सिरिंजचं टोक घट्ट बसवा. शंकूपात्रात काप, सिरिंजमध्ये १० मिली पेरॉक्साइड. बूच लावून झालं की आधी ब्युरेटचं वाचन टिपा, मग दट्ट्या एका दमात दाबा आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू करा.

इथे एक हिशेब लक्षात ठेवायचा. १० मिली द्रव आत गेला म्हणजे १० मिली हवा बाहेर ढकलली गेली, आणि ती ब्युरेटमध्येच जाते. तेव्हा प्रत्येक वाचनातून १० मिली वजा करा. हे न केल्यामुळे 'पहिल्या पाच सेकंदांत प्रचंड वेग' असा खोटा निष्कर्ष निघतो.

दोन भोकांचं बूच नसेल तर पेरॉक्साइड ओतून झटकन बूच लावा. तीन-चार सेकंदांचा वायू निसटेल, पण दर वेळी त्याच पद्धतीने, त्याच माणसाने केलं तर तुलना करता येते.

बुचाच्या कडेने गळती आहे का, ते आधी बघा. सिरिंजने नुसती १० मिली हवा आत ढकला. ब्युरेटमध्ये बरोबर १० मिली दिसली पाहिजे. कमी दिसली तर बुचाला व्हॅसलिनचं बोट फिरवा.

बाटलीवरच्या आकड्यावर विसंबू नका

पेरॉक्साइड उन्हात, उष्णतेत, नुसतं पडून राहूनही हळूहळू मोडतं. कपाटात वर्षभर राहिलेली बाटली ६ टक्क्यांची असेलच असं नाही. ताकद तपासायची सोपी पद्धत आहे. एक बटाटा किसून मलमलच्या फडक्यातून रस पिळून घ्या. शंकूपात्रात १० मिली रस, सिरिंजमध्ये बाटलीतलं १ मिली पेरॉक्साइड. मिसळा आणि वायू सुटायचा पूर्ण थांबेपर्यंत हलवत राहा.

२० व्हॉल्यूमचा आकडा शून्य अंश तापमानाचा आणि कोरड्या वायूचा. ३० अंशाला आणि पाण्याच्या वाफेसकट तोच वायू मुंबईत साधारण २३ मिली भरेल. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून २५ मिलीच्या आसपास. यातून सिरिंजने ढकललेली १ मिली हवा आधीच वजा केलेली हवी. पुण्यात १५ मिलीच भरले, तर बाटली ६ नव्हे, साडेतीन-पावणेचार टक्क्यांची उरली आहे, असं समजून पुढची द्रावणं करा.

वेग काढायचा कसा

हा भाग सावकाश वाचा. समजा दहा काप घेतले आणि १० मिली वजा करून वाचनं अशी आली: १५ सेकंदांना १.५ मिली, ३० ला ३.०, ४५ ला ४.४, ६० ला ५.६, १२० ला ९.० आणि १८० ला ११.० मिली. आलेख काढा, आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वायू. पहिल्या ३० सेकंदांत रेषा सरळ आहे, मग ती वाकायला लागते. सरळ भागाचा चढ म्हणजे ३० सेकंदांत ३.० मिली, अर्थात मिनिटाला ६ मिली. हाच आपला आरंभीचा वेग.

आता याच प्रयोगात कोणी तीन मिनिटांचे ११ मिली घेऊन तीनने भागले तर मिनिटाला ३.७ मिली असा वेग येईल. हा आकडा कशाचाच नाही. त्या तीन मिनिटांत पेरॉक्साइड कमी होत गेलं, कापाच्या पृष्ठभागावर बुडबुडे चिकटून बसले, विकराचा काही भाग पेरॉक्साइडनेच निकामी केला. सुरुवातीच्या क्षणी सगळं आपल्या हातातलं असतं: संहती आपण ठरवलेली, तापमान आपण ठरवलेलं. म्हणून तुलना करायची ती सुरुवातीच्या चढांची.

शेवटी एकूण किती वायू जमतो, हा वेगळाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर पेरॉक्साइड किती घातलं यावर ठरतं. विकर अभिक्रियेत खर्च होत नाही. बटाट्याचा रस दुप्पट घेतला तर वायू लवकर सुटेल, जास्त सुटणार नाही. ही गोष्ट एकदा करूनच बघा: एका शंकूपात्रात ५ मिली रस आणि ५ मिली पाणी, दुसऱ्यात १० मिली रस, दोन्हींत १ मिली पेरॉक्साइड. दोन आलेख वेगळ्या चढाने वर जातात आणि जवळपास एकाच उंचीवर येऊन थांबतात. एवढ्या एका आलेखाने विद्यार्थ्याच्या डोक्यात जे बसतं ते पानभर व्याख्यांनी बसत नाही.

प्रमाण मांडणी

पुढच्या सगळ्या प्रयोगांत एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं इथल्यासारखं ठेवायचं: १ सेंमी व्यासाचे, २ मिमी जाडीचे दहा काप, १.५ टक्के पेरॉक्साइड, सामू ७ चं बफर (सामू सहजी बदलू न देणारं द्रावण, कृती पुढे 'सामू' या भागात), खोलीचं तापमान. ६ टक्क्यांच्या ५ मिली पेरॉक्साइडमध्ये १५ मिली बफर घातलं की १.५ टक्क्यांचं २० मिली द्रावण तयार होतं, त्यातलं १० मिली वापरायचं. प्रत्येक वाचन तीनदा घ्या आणि सरासरी काढा. एखादं वाचन बाकी दोघांपासून फार दूर गेलं तर ते गुपचूप खोडू नका, तो प्रयोग चौथ्यांदा करा आणि चारही आकडे वहीत ठेवा.

काप कापल्यावर पाण्यात दोनदा खळबळून घ्या आणि टिपकागदावर हलकेच टिपा. कापलेल्या कडेच्या पेशी फुटून त्यांचा रस बाहेर आलेला असतो. तो न धुता काप टाकले तर पहिल्या काही सेकंदांत सांडलेल्या विकराचाच वेग मोजला जातो. धुतलेले काप उघडे ठेवू नका, बफरमध्ये बुडवून ठेवा. हवेवर ते तपकिरी पडतात, आणि तो दुसऱ्याच विकराचा उद्योग असतो.

कापाचा आकार

बोअररने २ सेंमी लांबीची एक कांडी काढा. तिचं एकूण पृष्ठफळ सुमारे ७.९ चौरस सेंमी. तीच कांडी कापून २ मिमीचे दहा काप केले की पृष्ठफळ २२ चौरस सेंमी होतं. वजन तेच, विकर तेवढंच, पेरॉक्साइडला मिळणारा दरवाजा मात्र पावणेतीनपट. तिसऱ्या वेळी तेवढ्याच वजनाची कांडी किसणीवर किसून घ्या. चौथ्या वेळी पाट्यावर किंवा खलात वाटून घ्या, आणि हा एक नमुना धुवू नका.

कांडीपासून वाटणापर्यंत वेग चढत जातो. पण पृष्ठफळ पावणेतीनपट झालं म्हणून वेग बरोबर पावणेतीनपट येईल असं धरू नका. कांडीच्या गाभ्यातल्या पेशींपर्यंत सुरुवातीच्या मिनिटात पेरॉक्साइड पोचतच नाही, ते विकर जणू प्रयोगात नाहीच. आत सुटलेल्या ऑक्सिजनलाही बाहेर यायला वेळ लागतो. काप पातळ होत जातात तसं विसरणाचं, म्हणजे रेणू आतबाहेर पसरण्याचं, बंधन कमी होतं. वाटलेल्या बटाट्यात तर भित्तिकाच फाटलेल्या असतात आणि विकर थेट द्रावणात येतं.

यातून पुढच्या सगळ्या प्रयोगांसाठी एक सावधगिरी निघते. जाड काप घेतले तर तुम्ही विकराचा वेग मोजत नसून पेरॉक्साइड आत शिरण्याचा वेग मोजत असता. मग तापमान बदलून फारसा फरक दिसत नाही आणि माणूस बुचकळ्यात पडतो. म्हणून २ मिमी. धारदार ब्लेड, खाली पट्टी, आणि जाडी एकसारखी.

विकराचं प्रमाण

इथे फार वेळ घालवायला नको. दोन, चार, सहा, आठ, दहा काप घ्या. वेग कापांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो आणि आलेख जवळजवळ सरळ रेषेत येतो. वीस-पंचवीस काप टाकले तर ते एकमेकांवर बसतात, पृष्ठभाग झाकले जातात आणि रेषा वाकते. शंकूपात्र गोल फिरवत राहा, तेही दर वेळी सारख्याच जोराने.

पेरॉक्साइडची संहती

एकूण २० मिली द्रावण कायम ठेवून त्यात ६ टक्क्यांचं पेरॉक्साइड बदलत न्या: १.२५ मिली, २.५, ५, १० आणि १५ मिली, उरलेलं बफर. यातून अनुक्रमे ०.३७५, ०.७५, १.५, ३ आणि ४.५ टक्के मिळतात. नुसतं पेरॉक्साइडचं आकारमान वाढवत नेऊ नका, तसं केलं तर संहती बदलत नाही, फक्त द्रव वाढतो.

खालच्या टोकाला संहती दुप्पट केली की वेग चांगलाच वाढतो. वर जाताना वाढ मंदावते. पंगतीत वाढपी मोजके असतील तर पाने जास्त मांडली म्हणून वाढण्याचा वेग वाढत नाही. तसं विकराच्या सगळ्या सक्रिय जागा (जिथे पेरॉक्साइडचा रेणू बसून मोडतो) कामात गुंतल्या की जास्तीच्या पेरॉक्साइडचा उपयोग होत नाही. या वक्राचं गणित मायकेलिस आणि मेंटेन यांनी १९१३ साली मांडलं.

कॅटालेजच्या बाबतीत मात्र वक्र पुस्तकातल्यासारखा आडवा होऊन शांत राहीलच असं नाही. फार जास्त संहतीचं पेरॉक्साइड कॅटालेजलाच निकामी करतं. ३ टक्के म्हणजे लिटरला जवळपास ०.९ मोल, विकराच्या दृष्टीने ही संहती बरीच तिखट. त्यामुळे ४.५ टक्क्यांना सुरुवातीचा चढ मोठा येऊन लगेच मोडतो, कधी कधी चढच कमी येतो. असं दिसलं तर प्रयोग बिघडला असं समजू नका. दिसलं ते लिहा, आणि पहिल्या १५ सेकंदांची वाचनं जास्त बारकाईने घ्या.

तापमान

१०, २०, ३०, ४०, ५०, ६० आणि ७० अंश सेल्सिअस. बर्फ, साधं पाणी, गरम पाणी मिसळून बादल्या तयार करा. विदर्भात मे महिन्यात नळाचंच पाणी तिशीच्या वर असतं, तेव्हा २० अंशालाही बर्फ लागेल.

कापांचं शंकूपात्र आणि पेरॉक्साइडची सिरिंज दोन्ही एकाच बादलीत दहा मिनिटं ठेवा, मग मिसळा. फक्त काप गरम करून त्यावर थंड पेरॉक्साइड ओतलं तर मिश्रणाचं तापमान मधलंच कुठलं तरी होतं.

दुसरा सापळा हवेचा. शंकूपात्रातली १०० मिली हवा ३० वरून ४० अंशाला गेली की सुमारे ३.३ मिलीने फुगते. आपला वेगच मिनिटाला सहा मिलीच्या आसपास असताना ही चूक परवडणारी नाही. म्हणून बूच लावून, नळीचं टोक मोकळं ठेवून शंकूपात्र बादलीत राहू द्या. हवा फुगायची ती फुगून जाऊ दे, मगच टोक ब्युरेटखाली न्या. प्रयोग चालू असतानाही शंकूपात्र बादलीतच हवं.

प्रत्येक तापमानाला एक तुलनेचा प्रयोग करा: दहा मिनिटं उकळून थंड केलेले काप आणि तेच पेरॉक्साइड. साठ-सत्तर अंशाला पेरॉक्साइड आपल्या आपणही थोडं मोडतं. तो वायू मुख्य वाचनातून वजा करायचा.

आलेख साधारण असा येतो: १० अंशापासून वर चढत जातो, तीस-चाळिसाच्या पट्ट्यात शिखर, पन्नाशीनंतर उतार, सत्तरीला जवळपास काहीच नाही. '१० अंश वाढले की वेग दुप्पट' हा ठोकताळा इथे शोधत बसू नका. कॅटालेज सक्रियण ऊर्जा, म्हणजे अभिक्रिया घडायला लागणारी किमान ऊर्जा, इतकी खाली आणतं की १० अंशांच्या वाढीने वेग दुपटीपेक्षा बराच कमी वाढतो.

उतार का येतो? विकर हे प्रथिन आहे, आणि उष्णतेने प्रथिनाची घडी विसकटते, सक्रिय जागेचा आकार जातो. विकर प्रथिन असतं ही गोष्ट आज सहज वाटते, पण जेम्स समनर यांनी १९२६ साली जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांतून युरिएज नावाच्या विकराचे स्फटिक काढून तसं म्हटलं तेव्हा बरीच वर्षं मान्यवर रसायनशास्त्रज्ञ ते मानायला तयार नव्हते. समनर यांचा डावा हात वयाच्या सतराव्या वर्षी शिकारीच्या अपघातात गेला होता. एका हाताने त्यांनी हे काम केलं. १९३७ साली डाउन्स यांच्यासोबत त्यांनी कॅटालेजचेही स्फटिक मिळवले, गाईगुरांच्या यकृतातून, आणि १९४६ साली त्यांना नोबेल मिळालं.

'सर्वोत्तम तापमान' हा विकराचा जन्मजात आकडा नाही, हे इथे सांगायला हवं. ५० अंशाला काप दोन मिनिटं ठेवून मोजा आणि अर्धा तास ठेवून मोजा. दुसऱ्या वेळी वेग कमी येईल, कारण घडी विसकटायला वेळ लागतो. किती वेळ तापवलं हे लिहिल्याशिवाय शिखराच्या तापमानाला अर्थ नाही. आणि ३७ अंश हा आकडा माणसाच्या शरीराचा आहे. बटाट्याने तो पाळावा असं काही बंधन नाही. मोड आलेल्या धान्यातलं, स्टार्च मोडणारं अमायलेज साठ-पासष्ट अंशालाही जोमाने काम करतं.

याच जोडीला एक सुंदर प्रयोग करा. काही काप उकळून थंड करा, काही रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी वितळू द्या, काही ताजे. उकळलेले मुके राहतात. गोठवलेले मात्र वितळल्यावर फसफसून उठतात, अनेकदा ताज्यांपेक्षा जास्त, कारण बर्फाच्या कणांनी पेशी फाडलेल्या असतात आणि विकर बाहेर आलेलं असतं. थंडीने विकर मंदावतं, मरत नाही.

सामू

लिंबू पिळून 'आम्ल परिणाम' दाखवण्याची पद्धत मला पसंत नाही. लिंबाच्या रसात सायट्रिक आम्लाबरोबर जीवनसत्त्व क आणि इतर बरंच काही असतं, मग परिणाम कशाचा हे सांगता येत नाही. सामूसाठी बफरच हवं आणि ते करणं अवघड नाही.

दोन द्रावणं करा. पहिलं: निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट २८.४ ग्रॅम, पाणी घालून एक लिटर. दुसरं: निर्जल सायट्रिक आम्ल १९.२ ग्रॅम, एक लिटर. बाटलीवर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर २१ ग्रॅम. आता २० मिली बफरसाठी फॉस्फेट आणि आम्ल असं मिसळा:

सामू ३: ४.१ मिली आणि १५.९ मिली
सामू ४: ७.७ आणि १२.३
सामू ५: १०.३ आणि ९.७
सामू ६: १२.६ आणि ७.४
सामू ७: १६.५ आणि ३.५
सामू ७.६: १८.७ आणि १.३

पीएच मीटर असेल तर तपासा, नसेल तर पीएच पट्टीवर अंदाज घ्या.

काप त्या-त्या बफरमध्ये किमान दहा मिनिटं भिजवा. बटाट्याच्या पेशीरसाचा स्वतःचा सामू सहाच्या आसपास असतो आणि ऊती तो सहजी सोडत नाही. बाहेर सामू ३ असला तरी आत तो लगेच पोचत नाही. पेरॉक्साइडही त्याच बफरमध्ये पातळ करा. बाजारातलं पेरॉक्साइड टिकावं म्हणून किंचित आम्लधर्मी ठेवलेलं असतं, नुसत्या पाण्यात पातळ केलं तर नकळत सामू बदललेला असतो.

कॅटालेजचं शिखर सातच्या आसपास येतं, पण ते टोकदार नसतं, पठारासारखं रुंद असतं. ६, ७ आणि ७.६ यांत फारसा फरक दिसला नाही तरी चालेल. ३ आणि ४ ला वेग साफ पडतो. ३ च्या बफरमधले काप काढून सातच्या बफरमध्ये अर्धा तास ठेवा आणि पुन्हा मोजा: वेग परत येतो का? आला तर आम्लाने फक्त सक्रिय जागेवरचे भार बदलले होते, न आला तर घडीच मोडली. उत्तर किती वेळ भिजवलं यावर बदलतं, म्हणून दोन-तीन वेळा घेऊन बघण्यासारखं आहे.

आठच्या पुढचा सामू हवा म्हणून खाण्याचा सोडा वापरायचा मोह होतो. अडचण अशी की आम्लधर्मी पेरॉक्साइडशी सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटू शकतो, शिवाय अल्कधर्मी द्रावणात पेरॉक्साइड स्वतःच जास्त मोडतं. करायचंच असेल तर उकळलेल्या कापांचा तुलनेचा प्रयोग सोबत हवाच.

रोधक: मोरचूद

द्राक्षबागेत बोर्डो मिश्रणाला लागतं ते मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, कॅटालेजला अडवतं. तांब्याचे आयन प्रथिनाला चिकटतात. १ टक्क्याच्या द्रावणात काप दहा मिनिटं भिजवा, ऊर्ध्वपातित पाण्याने धुवा आणि वेग मोजा. तुलनेचे काप तेवढाच वेळ साध्या ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेले. या एका प्रयोगात बफर वापरू नका: फॉस्फेटबरोबर तांबं साक्याच्या रूपाने खाली बसतं आणि सायट्रेट त्याला बांधून ठेवतं, मग रोधकच शिल्लक राहत नाही. तांबं स्वतःही पेरॉक्साइड थोडं मोडू शकतं, म्हणून नुसतं पेरॉक्साइड आणि दोन थेंब मोरचूद असंही एक वाचन घ्या. मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकाची भांडी वापरू नका आणि उरलेलं द्रावण नाल्यात ओतू नका, प्रयोगशाळेच्या टाकाऊ बाटलीत जमा करा.

ब्युरेट नसेल तर

किसलेल्या बटाट्याचा गाळलेला रस घ्या. गाळणकागदाच्या, पंचिंग मशीनने पाडलेल्या टिकल्या त्यात बुडवा, टिपा आणि चिमट्याने पेरॉक्साइड भरलेल्या उंच ग्लासच्या तळाशी सोडा. टिकलीवर ऑक्सिजनचे बुडबुडे जमतात आणि ती वर तरंगत येते. तळापासून वर यायला लागलेले सेकंद मोजा. १ भागिले सेकंद हा वेगाचा तुलनात्मक आकडा. ग्लासातली द्रवाची उंची कायम ठेवा. इथे ऊतीच्या आत शिरण्याचा प्रश्न येत नाही, म्हणून संहती आणि सामूचे परिणाम कापांपेक्षा स्वच्छ दिसतात. उलट, कापाच्या आकाराचा परिणाम या पद्धतीने दाखवता येत नाही.

बटाट्यापलीकडे

हीच मांडणी मुळा, गाजर, कोबीचा देठ, पालकाचं पान, मोड आलेले मूग आणि भुईमूग यांच्यावर करा, सगळ्यांचं वजन सारखं घेऊन. भुईमुगाचे दाणे भिजवल्याच्या दिवसापासून रोज मोजत गेलात तर मोड फुटताना कॅटालेज चढताना दिसेल, कारण त्या काळात दाण्यातली चरबी वापरली जात असते.

कॅटालेजवर हात बसला की बाकीची विकरं ओळखीची वाटायला लागतात. चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात टाकतात तिथे पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं तांबंधारी विकर अडवलं जातं: पाण्याने हवा तुटते, मिठाने विकर मंदावतं. मोड आलेली नाचणी मंद आचेवर परतून केलेलं पीठ घातलं की पेज पातळ होते, ते अमायलेजमुळे. तीच नाचणी करपेपर्यंत भाजली तर पेज घट्टच राहते. उसाची मोळी तोडणीनंतर उन्हात पडून राहिली की इन्व्हर्टेज साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करत बसतं. ऊन जितकं कडक तितकं लवकर, आणि कांडं जिथे चिरडलेलं असेल तिथे आणखी लवकर. साखर कारखान्याच्या आवारात ट्रॉली किती तास उभी राहिली याची नोंद ठेवून त्याच उसाचा रस रोज रिफ्रॅक्टोमीटरखाली बघणारा विद्यार्थी असेल, तर त्याने ब्रिक्सच्या, म्हणजे रसात विरघळलेल्या घन पदार्थांच्या, आकड्यावर थांबू नये. साखर मोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज झाली तरी ती रसात विरघळलेलीच असते, ब्रिक्स फारसा हलत नाही; पाणी उडून गेलं तर उलट वाढतोसुद्धा. त्याने बेनेडिक्टच्या द्रावणाने क्षपणकारी शर्करा (ग्लुकोज-फ्रुक्टोजसारख्या) तपासावी, ताज्या तोडलेल्या उसाचा नमुना शेजारी ठेवून.